पाहुणा उपाशी उठू नये
व्यवसायाच्या जेवणासाठी चांगले हॉटेल निवडताना

आमचा धाकटा भाऊ मानवत भागातल्या एका जिनिंगमध्ये भागीदार आहे. चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरची गोष्ट. गुजरातमधल्या एका सूतगिरणीचे खरेदीदार रुई पाहायला परभणीला येणार होते. वयस्कर शेठजी आणि त्यांचा तरुण पुतण्या. शेतकऱ्यांकडून घेतलेल्या कापसाचे पैसे देणे बाकी होते, बँकेचे व्याज चालू होते, आणि रुईच्या गाठी गोदामात पडून होत्या. गाठी विकल्या गेल्या तरच पैसा फिरणार. त्यामुळे या पाहुण्यांकडे साऱ्या घराचे डोळे लागले होते.

भावाने ठरवले, काही कमी पडू द्यायचे नाही. शहराबाहेर मोठ्या रस्त्यावर नुकतेच एक झगमगीत हॉटेल सुरू झाले होते. भावाने तिथे रात्री पावणेनऊचे टेबल सांगितले आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणून आम्हालाही सोबत नेले. पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ मोठ्या अक्षरांत आणि ‘परमिट रूम’ लहान अक्षरांत होते. ही लहान अक्षरे आम्ही आत गेल्यावर वाचली. शेजारच्या टेबलावर बाटल्या होत्या. गाणी इतकी मोठ्याने चालली होती की शेठजींचे बोलणे ऐकायला वाकावे लागत होते. भावाने पनीरचे चार प्रकार मागवले. शेठजींनी हात जोडले आणि म्हणाले, “आपण जेवा. मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही.”

पाणीसुद्धा नाही. ते जैन होते आणि त्यांचा चौविहार होता, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही आणि पाणीही नाही. तासभर ते समोर रिकामे ताट ठेवून शांतपणे बसून राहिले. पुतण्याने संकोचाने दोन घास खाल्ले. आमच्या घशाखालीही काही उतरेना. बिल साडेसहा हजार झाले.

घरी आल्यावर अम्मींनी एवढेच विचारले, “मेहमान भुक्काच उठ्या क्या रे?” भावाने मान खाली घातली.

तो सौदा झाला नाही. जेवणामुळेच झाला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. रुईचा भाव, धाग्याची लांबी, कचऱ्याचे प्रमाण अशी दहा कारणे असू शकतात. पण ते रिकामे ताट आमच्या डोळ्यांपुढून बरेच दिवस हलले नाही. चूक हॉटेलची नव्हती, ते जसे होते तसे होते. ते निवडणारे आम्ही होतो, आणि निवडताना पाहुण्याचा नव्हे तर आपल्या इभ्रतीचा विचार केला होता.

आता आपल्या घरांतली मुले-मुली व्यापारात, ठेकेदारीत, बी-बियाणांत, औषधांच्या वितरणात उतरत आहेत. बाहेरगावच्या माणसाला जेवायला नेण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. त्या फसलेल्या रात्रीनंतर आम्ही जे शिकलो, विचारून घेतले आणि पुढे करून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

घरीच का नाही?

पहिला प्रश्न आपल्या घरातली वडील मंडळी हमखास विचारतात. घरात दस्तरखान असताना हॉटेल कशाला? आपल्या मराठवाड्यातली मेहमाननवाजी घरचीच. बगारा खाना, दालचा, तहारी, शेवटी डबल का मीठा. निजामाच्या राज्यापासून चालत आलेली ही चव आजही आपल्या चुलीवर आहे. इब्राहीम अलैहिस्सलामांकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हा ते गाजावाजा न करता घरात गेले आणि उत्तम अन्न घेऊन आले, हा कुरआनातला प्रसंग आपण मुलांना सांगतो. पाहुण्यांचे हात अन्नाकडे जात नाहीत हे पाहून ते अस्वस्थ झाले, हेही त्या प्रसंगात आहे. आमच्या भावाची अस्वस्थता आम्ही जवळून पाहिली आहे.

जवळचा, ओळखीचा, सारे खाणारा पाहुणा असेल तर घरासारखे दुसरे काही नाही. पण ज्या स्वयंपाकघरात मांस शिजते तिथले अन्न न घेणारे पाहुणे असतात. त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही. आपणही परगावी गेलो की ‘गोश्त हलाल आहे ना?’ असे विचारतोच की. अशा वेळी चांगले हॉटेल कामाला येते. तिथे ना त्याला आपल्या घरात नकार द्यावा लागतो, ना आपल्याला तो ऐकावा लागतो. व्यवसायाच्या जेवणासाठी हॉटेलची गरज आम्हाला आता या कारणासाठी पटते. थाटमाट त्यानंतर.

आधी पाहुणा, मग हॉटेल

आम्ही हॉटेल आधी ठरवले आणि पाहुण्याला त्यात बसवायला गेलो. क्रम उलटा हवा. एक फोन करायचा आणि सरळ विचारायचे, “आपलं खाण्याचं काही पथ्य, उपवास, ठरलेली वेळ आहे का?” असे विचारल्याने कुणी रागावत नाही. उलट, आपली आठवण ठेवली म्हणून बरे वाटते.

आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या रीती अनेक आहेत. जैन पाहुण्यांपैकी बरेच जण कांदा, लसूण, बटाटा, गाजर असे जमिनीखाली उगवणारे काही घेत नाहीत, आणि काहींचे जेवण सूर्यास्तापूर्वीच होते. गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी मांसाहाराला शिवत नाही. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले, तेव्हा ही माळ आपल्याला नवी नाही. एकादशीला भात-पोळी चालत नाही, फराळाचे लागते. एरवी मटण खाणारे अनेक हिंदू मित्र श्रावणात किंवा आठवड्यातल्या ठरावीक वारी ते खात नाहीत. शेजारच्या नांदेडला हुजूर साहिब असल्याने शीख व्यापाऱ्यांशीही आपला संबंध येतो. अमृतधारी शीख बांधवांना मुस्लिम पद्धतीने जबह केलेले मांस वर्ज्य असते आणि आपल्याला तेवढेच चालते. अशा जेवणात दोघांनीही शाकाहारी घ्यावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

पथ्य धर्माचेच असते असे नाही. मधुमेह असलेल्या माणसाला रात्री साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवणे हा पाहुणचार नव्हे. गुडघे दुखणाऱ्याला दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये नेताना लिफ्ट आहे का, हे आपणच आधी पाहायचे. रात्रीची गाडी पकडायची असेल तर हॉटेल स्टेशनपासून किती दूर, हेही पाहायचे.

आपल्या बाजूच्या तीन गोष्टी

पाहुण्याचा विचार करताना आपलाही दीन सांभाळायचा आहे. पण तो सांभाळताना पाहुण्यासमोर वाद किंवा प्रवचन होऊ नये. म्हणून या तीन गोष्टी आधीच उरकायच्या.

पहिली, हलालची. परभणीत हा प्रश्न सोपा आहे, मटण-चिकन कोणत्या दुकानातून येते हे विचारले की उत्तर मिळते. छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईच्या मोठ्या हॉटेलात मात्र व्यवस्थापकाला आदल्या दिवशी विचारावे. खात्रीचे उत्तर मिळाले नाही तर मासे किंवा भाज्या घ्याव्यात. मोठ्या हॉटेलांत आणखी एक सावधगिरी लागते. तिथल्या काही परदेशी पदार्थांत दारू घातलेली असते. तिरामिसूसारख्या गोड पदार्थात, नाताळच्या केकमध्ये आणि काही सूप-सॉसमध्येही. जेलीत आणि पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकते. नाव सुंदर आहे म्हणून मागवू नये, आत काय आहे ते विचारावे.

दुसरी, दारूची. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला माहीत आहे. व्यापारात नवे असलेले आपले तरुण इथेच अडखळतात. पाहुण्याने मागितली तर नाही कसे म्हणायचे? आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे. जिथे परमिट रूम नाही असेच ठिकाण निवडायचे. मग नाही म्हणण्याची वेळच येत नाही. तरीही कुणी विषय काढला तर हसून सांगायचे, “जेवण आमच्याकडून, पण तेवढं आमच्याकडे नसतं.” आजवर यावरून कुणी उठून गेल्याचे आम्ही पाहिलेले नाही. आणि एवढ्याने जो सौदा मोडतो, तो मोडलेला बरा.

तिसरी, नमाजची. टेबल सांगताना मगरिब आणि इशाच्या वेळा समोर ठेवाव्यात. मगरिबपासून इशापर्यंत सव्वा-दीड तास मिळतो, पण तेवढ्यात घाईचे जेवण होते. मोठ्या बैठकीसाठी इशाची जमात करून निघालेले बरे. हॉटेलजवळ मशीद कुठे आहे हेही पाहून ठेवावे. पाहुण्याला ‘दहा मिनिटांत आलो’ असे सांगून जाण्यात लाजण्यासारखे काही नाही.

स्वतः जाऊन पाहा

मोबाइलवरची छायाचित्रे पाहून हॉटेल ठरवू नये. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन चहा प्यावा आणि ज्या वेळी पाहुण्यांना न्यायचे त्याच वेळी जावे. दुपारी शांत असलेल्या हॉलमध्ये रात्री लग्नाची वरात उतरलेली असू शकते. पाहण्याच्या गोष्टी अशा:

एक, बोलणे ऐकू येते का? व्यवसायाच्या जेवणात निम्मे काम बोलण्याचे. कोपऱ्यातले टेबल किंवा वेगळी खोली मिळते का, आणि गाणी बंद करता येतात का, हे विचारावे. दोन, उजेड पुरेसा आहे का? भावपत्रक किंवा नमुना दाखवायचा असेल तर मंद दिव्यांचा उपयोग नाही. तीन, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का? भांडी आणि तेल वेगळे आहे का, हे आत डोकावून पाहावे. चार, स्वच्छतागृह. ते पाहिले की स्वयंपाकघराचा अंदाज येतो. पाच, वीज गेली तर जनरेटर आहे का. उन्हाळ्यातल्या परभणीला हा प्रश्न विचारावाच लागतो.

अन्नसुरक्षेचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, तो पाहावा. त्यावर १४ अंकी क्रमांक असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणे बंधनकारक आहे. ज्याच्या बिलावर हा क्रमांक नाही, त्याचे झुंबर कितीही मोठे असले तरी आम्ही तिथे पाहुणा नेत नाही.

तारे किती, हा प्रश्न यानंतर येतो. आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, फलकनुमा महालाचे २०१० मध्ये हॉटेल झाले. तिथले जेवणाचे टेबल १०१ माणसांचे आहे. थाट म्हणायचा तर तो. पण त्या टेबलावरही सूर्यास्तानंतर बसवले असते तर आमचे शेठजी उपाशीच उठले असते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो, मग आपल्या गावातल्या साध्या, स्वच्छ आणि शांत हॉटेलची लाज कशाला वाटावी?

बिलाची बात

बिल टेबलावर येऊ नये, ही जुनी रीत चांगली आहे. आधीच थोडी रक्कम जमा करावी आणि उरलेली काउंटरवर जाऊन द्यावी. पाहुण्यासमोर आकडे वाचणे त्यालाही अवघड होते.

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के लागतो. पाच हजारांच्या जेवणावर हा फरक ६५० रुपयांचा पडतो, म्हणून टेबल सांगतानाच विचारून घ्यावे. सेवा शुल्क मात्र कर नाही. ग्राहकाला न विचारता ते बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. लावले असेल तर काढायला सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या पोराच्या हातात मात्र आपल्या खुशीने काही ठेवावे.

बिल फर्मच्या नावाने घ्यावे आणि कोणासोबत, कशासाठी जेवण झाले ते मागे लिहून ठेवावे. रक्कम दहा हजारांच्या पुढे जाणार असेल तर रोख देऊ नये. एका दिवसात एकाच व्यक्तीला किंवा फर्मला त्याहून जास्त रोख दिली की प्राप्तिकरात तो खर्च मान्य होत नाही.

भरमसाट मागवू नये. चौघांसाठी दहा भाज्या आणि निम्म्या परत, हा इस्राफ आहे. दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाने व्यापारी माणूस खूश होत नाही. उलट, हा आपला पैसाही असाच उडवेल, असे त्याला वाटू शकते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. खरेदीदाराला जेवू घालणे ही मेहमाननवाजी आहे. ज्याच्या टेबलावर आपली फाइल पडली आहे त्या अधिकाऱ्याला मोठ्या हॉटेलात नेणे ही मेहमाननवाजी नव्हे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या दीनमध्ये तर देणारा आणि घेणारा दोघेही निंद्यच आहेत. जेवणाला गोड नाव दिले म्हणून लाच हलाल होत नाही.

बहिणींसाठी थोडे

आमच्या नात्यातली एक मुलगी शिवणकामाचा मोठा व्यवसाय करते. घाऊक व्यापाऱ्यांशी बोलायला तिला बाहेर बसावे लागते. तिने स्वतःसाठी नियम केले आहेत. रात्रीचे जेवण नाही, दुपारचे. जागा वर्दळीची आणि ओळखीची, जिथे बायका-मुले जेवत असतात. सोबत आई, भाऊ किंवा कामातली एक बाई. आणि बिल तीच देते. ती सांगते, “बिल मी दिलं की बोलण्याची दिशाही माझ्याकडे राहते.” घरातल्या मोठ्यांनी अशा मुलीला अडवण्याऐवजी जागा पाहायला तिच्यासोबत जावे.

पुन्हा तेच पाहुणे

दोन वर्षांनी त्याच सूतगिरणीकडून पुन्हा फोन आला. भाव चौकशीचा होता, पण शेठजी स्वतः येणार होते. या वेळी भाऊ आमच्याकडे आला आणि म्हणाला, “हॉटेल तुम्ही ठरवा.” शाळेत मुलांना उर्दू-मराठी शिकवणाऱ्या आम्हाला रुईतले काही कळत नाही, पण ताटातले थोडे कळू लागले होते.

डिसेंबरात परभणीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे जेवण पाचच्या आत सुरू व्हायला हवे. त्या वेळी बहुतेक हॉटेलांचे स्वयंपाकघर बंद असते. आम्ही तीन ठिकाणी विचारले. दोघांनी नकार दिला. तिसरे एक जुने शाकाहारी हॉटेल होते. त्याच्या मालकाने थोडी रक्कम आधी घेतली आणि आचाऱ्याला लवकर बोलावण्याचे कबूल केले. कांदा, लसूण, बटाटा नाही. मुगाची डाळ, भेंडी, तोंडली, फुलके, कढी-भात आणि शेवटी केशराचा शिरा. एवढेच.

असरची नमाज आटोपून आम्ही पावणेपाचला पोहोचलो. खिडकीजवळचे टेबल होते आणि बाहेर ऊन पिवळे होत होते. शेठजी जेवले, आणि कढी तर दोनदा मागून घेतली. आम्हीही तेच जेवलो. बोलता बोलता इथल्या कृषी विद्यापीठाच्या देशी कापसाचा विषय निघाला. त्या वाणाचे नाव ‘परभणी तुराब’ आहे हे ऐकून त्यांनी तुराब म्हणजे काय ते विचारले. मग सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचे, उरुसाचे आणि तिथे सगळ्या जातिधर्मांच्या लोकांच्या होणाऱ्या गर्दीचे बोलणे झाले. रुईच्या भावाचे बोलणे शेवटच्या दहा मिनिटांत आटोपले.

साडेपाचला शेठजींनी शेवटचे पाणी प्यायले आणि घड्याळ पाहिले. भावानेही पाहिले. त्यांचे जेवण सूर्यास्ताला संपत होते आणि आमची मगरिब सूर्यास्ताला सुरू होत होती. शेठजी हसले आणि म्हणाले, “तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो.” नमाज पढून परत आलो तेव्हा ते हॉटेलच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, आणि पुतण्या नमुन्याची रुई बोटांनी ओढून धाग्याची लांबी पाहत होता.

पहिला सौदा शंभर गाठींचा झाला. एक गाठ १७० किलोची, म्हणजे सतरा टन रुई. फार मोठा नाही, पण शेतकऱ्यांची देणी भागवायला त्याने हातभार लागला. भाव घासाघीस करूनच ठरला, जेवणामुळे एक रुपयाही वाढवून मिळाला नाही. बिल अकराशे चाळीस रुपये झाले होते.

घरी आल्यावर अम्मींनी जेवणाबद्दलच विचारले. भाव किती मिळाला हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले.